केडगावचे उज्जीवन व कृपादानांचा वाद : एका ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांची चिकित्सा

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकात 'ख्रिस्ती धर्मातील कृपादाने आजही चालू आहेत की प्रेषितांबरोबरच संपली' ह्या प्रश्नाची चर्चा यावी, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, आणि त्याचा निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु ह्या वादातील दोन्ही पक्ष अखेरीस घडलेल्या गोष्टींचा दाखला देतात. आणि घडलेल्या गोष्टींचा दाखला निघाला की साक्षीदार कोण, लेख केव्हाचा, मूळ कोणते व मागाहूनची भर कोणती, हे विचारण्याचा हक्क इतिहासाला प्राप्त होतो. त्यातून जगभर ज्या दाखल्यांचा उल्लेख वारंवार होतो, त्यांतील एक महत्त्वाचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातील आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांच्या 'मुक्ती' संस्थेत सन १९०५ मध्ये झालेले उज्जीवन हाच तो होय. ह्या उज्जीवनाची मुळे गिरगाव चौपाटीच्या वाळूपर्यंत पोचतात, आणि त्याचा प्रतिध्वनी दादर, परळ, लालबाग ह्या भागांतील प्रार्थनासभांतून आजही ऐकू येतो. म्हणून मिनी अब्राम्स यांनी त्या उज्जीवनातून लिहिलेल्या 'पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा' ह्या अर्थाच्या नावाच्या लहानशा इंग्रजी ग्रंथाची चिकित्सा येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम वादाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आत्म्याच्या नऊ दानांची गणना आहे. त्यांत रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषा बोलणे व त्यांचा अर्थ सांगणे ही येतात. तेराव्या अध्यायात भाषा बंद पडतील असे म्हटले आहे. पण केव्हा बंद पडतील, ह्याविषयी एकवाक्यता नाही. चौथ्या शतकात ख्रिसोस्तम ह्याने बाराव्या अध्यायावर प्रवचन करिताना, हे प्रकार आता घडत नसल्यामुळे विषयच दुर्बोध झाला आहे, अशी कबुली दिली. ऑगस्टीन ह्यानेही पूर्वायुष्यात तोच पक्ष धरिला होता. परंतु 'देवाचे नगर' ह्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने स्वतःच्या प्रांतातील रोगनिवारणाच्या अनेक हकीकती नोंदल्या, व त्या लेखी टिपून ठेवून लोकांस वाचून दाखविण्याचा प्रघात घातला. पुढे इंग्लंडात कॉनियर्स मिडल्टन ह्याने सन १७४९ मध्ये, व अमेरिकेत बेंजामिन वॉरफील्ड ह्याने सन १९१८ मध्ये, प्रेषितांच्या पिढीनंतरच्या चमत्कारांवर कठोर टीका केली. वॉरफील्डच्या मते ही दाने प्रेषितांची ओळख पटविणारी मुद्रा होती, आणि प्रेषित गेल्यावर मुद्रेचे प्रयोजनही सरले.

ह्या मताविषयी एवढेच म्हणावयाचे की ते पुराव्यावरून निघत नाही; ते पुराव्याच्या आधीच ठरलेले असते. जे घडणे शक्यच नाही असे एकदा मानले, त्याविषयी कितीही प्रामाणिक साक्षीदार आला तरी तो भ्रांत किंवा लबाड ठरणारच. उलट पक्षाची चूक ह्याच जातीची आहे. जे घडणारच अशी ज्यांची खात्री आहे, त्यांस साक्षीदाराची उलटतपासणी करणे अश्रद्धेचे लक्षण वाटते. दोन्ही पक्ष दप्तर उघडण्यापूर्वीच निवाडा लिहून बसतात. आपण दप्तर उघडून पाहू.

रमाबाईंचा मुंबईशी संबंध प्रसिद्ध आहे. इंग्लंड व अमेरिकेहून परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणाऱ्या ह्या सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्याच आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. सन १८९० मध्ये सदन पुण्यास गेले. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यावर वादळ उठले, आणि सन १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या निराधार मुलींसाठी केडगाव येथील वस्ती उभी राहिली. सन १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २,००० पर्यंत वाढली. मिनी अब्राम्स ह्या अमेरिकन मेथडिस्ट बाई सन १८८७ मध्ये मुंबईस आल्या, तेथे मिशनच्या मुलींच्या शाळेचे काम केले, आणि सन १८९८ मध्ये रमाबाईंस येऊन मिळाल्या. म्हणजे ज्या दोन स्त्रियांच्या लेखणीतून केडगावच्या उज्जीवनाची मुख्य साधने निघाली, त्या दोघींनीही पूर्वी मुंबई शहरात कार्य केले होते.

सन १९०३ च्या सुमारास रमाबाईंनी कन्या मनोरमाबाई व अब्राम्सबाई यांस ऑस्ट्रेलियास पाठविले. तेथील मोठ्या धर्मजागृतीमागे लहान लहान प्रार्थनामंडळांचे जाळे होते असे त्यांच्या कानी आले होते. पुढे वेल्समध्ये सन १९०४-०५ मध्ये उज्जीवन झाले, व त्याचे लोण वेल्श मिशनऱ्यांमार्फत आसामाच्या खासी टेकड्यांत पोचले. ह्या बातम्या केडगावास येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या तेव्हा ७० पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. जूनच्या अखेरीस, पहाटे साडेतीनच्या सुमारास, एक मोठी मुलगी आपण अग्नीने वेढलो आहो अशा जाणिवेने उठली. जवळच्या मुलीने खरीच आग लागली असे समजून पाण्याची बादली आणली, आणि ती ओतणार तोच आग नाही हे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय शिकवीत असता मुलींनी मोठ्याने रडून पापे कबूल करण्यास आरंभ केला, इतका की शिकविणे थांबवावे लागले. पुढे शाळेचे वर्ग प्रार्थनासभांत बदलले, व मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांतून उपदेशासाठी जाऊ लागल्या.

पाण्याची बादली ही गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. रचलेल्या कथेत आग खरीच ठरली असती. येथे दिसते ती एक घाबरलेली मुलगी, हातात बादली, आणि आग नसल्याचा उलगडा. आग खरी नव्हती, हे कथनाने लपविले नाही. अस्सल साधनाची ही खूण आहे.

आता ग्रंथाकडे वळू. अब्राम्सबाईंचा ग्रंथ सन १९०६ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, दुसरी आवृत्ती निघाली. ग्रंथाचा हेतू ऐतिहासिक नसून उपदेशाचा आहे. वाचकाने पश्चात्ताप करावा, अंतःकरण अग्नीने शुद्ध व्हावे, आणि सेवेसाठी सामर्थ्य मागावे, हे त्याचे सार. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पहिल्या आवृत्तीत अन्य भाषांच्या दानाचा उल्लेख नाही. दुसऱ्या आवृत्तीत तो आहे. एकाच लेखिकेने, एकाच घटनेविषयी, एकाच वर्षात लिहिलेल्या दोन पाठांतील हा फरक आहे. प्राचीन पोथ्यांचे पाठभेद लावणारास असा योग क्वचितच येतो.

ह्या फरकाचा अर्थ काय? पहिला व उघड अर्थ हा की सन १९०५ च्या केडगावच्या उज्जीवनात अन्य भाषा हे प्रधान लक्षण नव्हते. अब्राम्सबाई ही प्रत्यक्ष तेथे वावरणारी साक्षीदार. भाषांचा प्रकार त्या वेळी डोळ्यांत भरण्याजोगा असता, तर ह्याच विषयावर लिहिलेल्या पहिल्या पाठातून तो सुटला नसता. पाप कबूल करणे, रडणे, तासन्‌तास दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणे, आणि उठून खेड्यांत जाणे, ही तेथील लक्षणे होती. दुसरा अर्थ हा की सन १९०६ च्या उत्तरार्धात लेखिकेपुढे नवी माहिती आली. मनमाड येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाखालील मुलींत अन्य भाषा बोलण्याचा प्रकार त्या वर्षी घडला. तो अमेरिकेतील बातमी इकडे येण्यापूर्वीचा आहे, हे ध्यानात ठेविले पाहिजे. लॉस अँजेलिस येथील अझूसा रस्त्यावरील सभा एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाल्या; त्यांची वार्ता मागाहून केडगावास पोचली, आणि डिसेंबर १९०६ च्या सुमारास मुक्तीतही अन्य भाषा ऐकू येऊ लागल्या.

येथे दोन प्रचलित मतांचे एकदमच निरसन होते. एक मत असे की ही सारी चळवळ अमेरिकेत उगम पावली व तेथून जगभर गेली. मनमाडचा प्रकार ह्या मताआड येतो. त्याहूनही जुने दाखले तमिळ प्रदेशातील आहेत. तिरुनेलवेली भागात अरुळप्पन ह्यांच्या नेतृत्वाखाली सन १८६० मध्ये झालेल्या उज्जीवनात अन्य भाषांचा उल्लेख येतो. दुसरे मत असे की केडगाव हे आरंभापासूनच अन्य भाषांचे केंद्र होते. पहिली आवृत्ती ह्या मताआड येते. मागाहून आलेला अर्थ आधीच्या घटनेवर पसरविणे हा बखरकारांचा नित्याचा दोष होय. राजवाडे यांनी सन १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्याचा पहिला खंड प्रसिद्ध करून अस्सल पत्रे व बखरी यांतील जो भेद दाखविला, तोच येथे लागू आहे. स्टॅन्ली फ्रॉडशॅम यांचा सन १९२६ मधील ग्रंथ जगभरच्या पेन्टेकॉस्ट पंथीयांत प्रमाण मानला गेला, व त्यातूनच केडगावची कथा पुष्कळांस ठाऊक झाली. परंतु ते केडगावचे प्रत्यक्ष साक्षीदार नव्हते, आणि त्यांच्या काळापर्यंत अन्य भाषा हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे मुख्य चिन्ह, हे मत अमेरिकेत दृढ झाले होते. त्या मताचे भिंग लावून वीस वर्षांपूर्वीची घटना पाहिली गेली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु बखर ही बखरच.

आता भाषांविषयीच्या प्रत्यक्ष साक्षीकडे पाहू. तीन प्रकरणे घेण्याजोगी आहेत.

पहिले आल्बर्ट नॉर्टन यांचे. हे केडगावाजवळ दौंड येथे मुलांचा अनाथाश्रम चालवीत असत. मुक्तीत काही मुली प्रार्थना करीत असलेल्या खोलीत अब्राम्सबाईंनी त्यांस नेले. डोळे मिटून गुडघे टेकले असता जवळच कोणी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे त्यांनी ऐकले. ती मुलगी इंग्रजी जाणत नव्हती, असे ते लिहितात. नॉर्टन हे शब्दांच्या ध्वनीचे साक्षीदार आहेत, आणि त्या बाबतीत त्यांचा कान विश्वसनीय मानण्यास हरकत नाही. परंतु मुलीच्या अज्ञानाचे ते साक्षीदार नाहीत. ते त्यांस दुसऱ्यांकडून कळले. मुक्तीत इंग्रजी बोलणाऱ्या बायांचा वावर रोजचा होता. इंग्रजी वाचता न येणे व इंग्रजी प्रार्थना कानी न पडलेली असणे, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या भाषेचा ध्वनी वर्षानुवर्षे भोवती आहे, तिच्यातील वाक्ये उत्कट क्षणी तोंडून निघणे हे आश्चर्य खरे, पण त्यास निसर्गाबाहेरचे कारण शोधण्याची निकड नाही.

दुसरे मनमाडचे. तेथील एका मुलीच्या बोलीचा अर्थ कोणास लागेना. पुढे ती ओळखणारा भेटला व ती लिबिया देशाच्या उद्धारासाठी प्रार्थना करीत होती असे त्याने सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध झाली. ह्या हकीकतीचे सर्व वजन अर्थ सांगणाऱ्यावर आहे. लिबिया हे देशाचे नाव आहे, भाषेचे नव्हे. ती कोणती भाषा, ती त्यास कशी अवगत, दुसऱ्या जाणकाराकडून पडताळा घेतला काय, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज हा पुरावा पुढे सरकत नाही.

तिसरे प्रकरण दावा करणाऱ्यांच्याच तोंडून निवाडा देणारे आहे. अझूसा रस्त्यावरून निघालेले आल्फ्रेड गार व त्यांच्या पत्नी लिलियन हे जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यास येऊन पोचले. आपणांस बंगाली भाषेचे दान मिळाले आहे, अशी गार यांची समजूत होती. बंगालात उतरल्यावर ती टिकली नाही. त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही, अन्य भाषा बोलणेही सोडले नाही. परंतु हे दान उपदेशासाठी परकी भाषा शिकण्याचे श्रम वाचविणारे आहे, हे मत मात्र सोडले. अमेरिकेत चार्ल्स पारहम ह्यांनी सन १९०१ पासून ज्या मताचा पुरस्कार केला होता, त्याची परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर झाली व ते तेथे अनुत्तीर्ण झाले.

ह्यावरून 'कृपादाने चालू नाहीत' असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. ह्यावरून निघते ते इतकेच की न शिकलेली मानवी भाषा बोलण्याचा दावा ह्या तीन प्रकरणांत सिद्ध होत नाही. परंतु पौलाचा लेख नीट वाचला तर करिंथच्या मंडळीत चाललेला प्रकार तरी असा होता काय? प्रेषितांच्या कृत्यांतील पन्नासाव्या दिवसाच्या वर्णनात ऐकणारास आपापली भाषा कळते; करिंथात अर्थ सांगणारा नसेल तर कोणासच काही कळत नाही, आणि म्हणूनच पौल तेथे बोलणारास मर्यादा घालतो. पहिल्या वर्णनाची कसोटी दुसऱ्यास लावल्यामुळे सन १९०६-०७ मधील मंडळी नाहक अडचणीत सापडली. ह्या भेदाचा विचार न करणे हा अब्राम्सबाईंच्या दुसऱ्या आवृत्तीचा दोष आम्ही समजतो. तथापि त्यांच्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की अन्य भाषा प्रत्येकास आल्याच पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरिला नाही. अमेरिकेतील पंथीयांहून त्यांचे मत ह्या बाबतीत शेवटपर्यंत सौम्य राहिले.

रमाबाईंची भूमिका ह्याहून विचारणीय आहे. केडगावावर टीका दोन दिशांनी आली. काही मिशनरी म्हणाले की हा भावनांचा अतिरेक आहे. काहींनी तर त्यात हिंदूंच्या 'अंगात येण्या'ची छाया पाहिली. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' ह्या आपल्या पत्रातून मुलींचा पक्ष घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की हिंदी लोकांची भक्ती हिंदी लोकांच्या स्वभावानुरूप प्रकट होऊ द्यावी, पाश्चात्यांच्या शिस्तीचे माप तिला लावू नये. आणि भाषांचे दान खरे असले तरी ते आत्म्याच्या वासाचे एकमेव किंवा आवश्यक चिन्ह नव्हे, प्रेम व शुद्ध आचरण हेच मुख्य.

हे लिहिणारी स्त्री कोण होती, हे विसरता कामा नये. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या बालपणापासून भागवत मुखोद्गत करून तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरली होती. सन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' म्हणून गौरविले होते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे अष्टसात्त्विक भाव तिला नवीन नव्हते. केडगावच्या मुलींचे रडणे, कापणे, वाचा बंद होणे हे पाहून परदेशी बायांस जे अपूर्व वाटले, ते रमाबाईंस ओळखीचे वाटले असावे, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो आम्ही मांडतो. परंतु टीकाकारांच्या 'अंगात येण्या'च्या आक्षेपास त्या बिचकल्या नाहीत ह्याचे कारण ह्या तर्काने बरे लागते. देहावर उमटणारे चिन्ह एकच असूनही त्यामागील भाव निरनिराळा असू शकतो, हे पुराणिकाच्या कन्येस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आपल्या संतपरंपरेनेही सिद्धी नाकारल्या नाहीत. त्यांत गुंतू नये एवढेच सांगितले. चांगदेवाची सारी योगसामर्थ्ये ज्ञानदेवांपुढे फिकी पडली ही कथा आमच्या लोकांनी जपली, ती ह्याच समजुतीने. करिंथच्या पत्रातील तेरावा अध्याय हेच दुसऱ्या शब्दांत सांगतो.

आता आमचा मुख्य आक्षेप. तो एकट्या अब्राम्सबाईंवर नसून ह्या प्रकरणाच्या सर्वच इंग्रजी साधनांवर आहे. मुक्तीतील मुली मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या, दुष्काळात आईबाप गमावलेल्या. त्यांनी रात्ररात्र जागून ज्या प्रार्थना केल्या त्या बहुतांशी स्वतःच्या भाषेत केल्या. परंतु जगभर गाजलेल्या कथनांत त्या मुलींचे स्वतःचे बोल जवळजवळ नाहीत. गाजली ती एका मुलीची इंग्रजी प्रार्थना. ऐकणाऱ्याचे कान आपल्या भाषेकडे लागले होते, म्हणून त्यास तीच ऐकू आली. दुष्काळाच्या वाटेवर भावंडे टाकून आलेली मुलगी आपल्या बोलीत देवाशी काय बोलली, हे त्या वेळी कोणी उतरून ठेविले असते, तर कृपादानांच्या वादास त्याचा उपयोग झाला असता की नाही कोण जाणे, पण महाराष्ट्राच्या इतिहासास एक अनमोल साधन लाभले असते. 'अन्य भाषां'चा शोध करिता करिता मूळ भाषा हरवली, ही ह्या साधनांची खरी उणीव होय.

एवढे असूनही अब्राम्सबाईंच्या ग्रंथाचे महत्त्व कमी होत नाही. त्याची एक प्रत दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वाल्पाराइसो येथे मेथडिस्ट पाद्री विलिस हूवर यांच्या पत्नीकडे, म्हणजे लेखिकेच्या जुन्या मैत्रिणीकडे, गेली. तिच्या वाचनाने हूवर दांपत्याच्या मनात जे चक्र सुरू झाले, त्याची परिणती सन १९०९ च्या तेथील उज्जीवनात झाली. पुढे मेथडिस्टांपासून फुटून चिलीतील स्वतंत्र पेन्टेकॉस्ट मंडळी उभी राहिली. केडगावच्या मुलींच्या हातांनी चालविलेल्या छापखान्यातील एक पुस्तक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास एका राष्ट्राच्या धर्मजीवनास वळण देते, ही गोष्ट कोणत्याही चमत्काराच्या कथेइतकीच विलक्षण आहे, आणि तिचा पुरावा निर्विवाद आहे. अब्राम्सबाई सन १९१२ मध्ये, मनोरमाबाई सन १९२१ मध्ये, व रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलाचे सुबोध मराठीत भाषांतर करण्यात गेली. ज्या संस्थेत न शिकता भाषा येत असल्याचा बोलबाला झाला, तिच्या संस्थापिकेने स्वतः मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, वर्षानुवर्षे कष्ट उपसून ते काम पुरे केले. आमच्या मते कृपादानांवरील हे त्यांचे सर्वांत बोलके भाष्य आहे.

हा वाद केवळ पुराणवस्तू झालेला नाही. सन १९६७ मध्ये अमेरिकेत कॅथॉलिक पंथातही अशा प्रार्थनामंडळांस आरंभ झाला, व सन १९७२ मध्ये त्यांचे लोण मुंबईस पोचले. जी मंडळी शतकानुशतके संतांच्या यात्रा व नवेना ह्यांतून नवस बोलत आली, तिच्यातच हात उंचावून अन्य भाषांत प्रार्थना करणारे समूह निर्माण झाले, आणि त्यांस रोमच्या अधिकाऱ्यांची मान्यता मिळाली. परळास तर ह्या प्रश्नाचे स्वरूप फार निकडीचे आहे. सन १९२६ मधील केईएम व सन १९४१ मधील टाटा रुग्णालय ही एकमेकांजवळ उभी आहेत. गावोगावचे रोगी व त्यांचे आप्त तेथे पदपथावर मुक्काम ठोकून असतात. अशा माणसास 'आरोग्याचे दान आजही चालू आहे' असे कोणी सांगितले, तर ते वाक्य त्याच्यासाठी धर्मशास्त्रातील पक्ष राहत नाही. औषध घ्यावे की सोडावे हा निर्णय त्यावर लोंबकळू शकतो. महाराष्ट्रात सन २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कारांच्या प्रदर्शनाने लोकांस फसविणे व त्यांच्याकडून पैसा उकळणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदा श्रद्धेस हात घालीत नाही. तो दाव्याचा पुरावा मागतो. ऑगस्टीनने सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी हकीकती लेखी मागविल्या, त्यामागील भाव ह्याहून फार वेगळा नसावा.

कृपादाने आजही चालू आहेत असे ज्यांस वाटते, त्यांस केडगावच्या कागदांचा आधार घ्यावयाचा असेल तर त्यांनी पहिल्या आवृत्तीचा घ्यावा, दुसरीचा नव्हे. पहिल्या आवृत्तीमागील घटना टिकते : अनाथ मुली एकमेकींसाठी जागल्या, आपली चोरी व भांडणे उघड कबूल केली, आणि खेड्यांत गेल्या. ह्यास दान म्हणावयाचे की मानवी मनाची शक्ती, हे ज्याने त्याने ठरवावे. घडले हे मात्र नाकारता येत नाही. ती संपली असे ज्यांस वाटते, त्यांस हेच कागद सांगतात की भाषांचा एक विशिष्ट दावा मोडल्याने उज्जीवन मोडत नाही. आणि आपणां संशोधकांपुढे काम उरते ते हे की मुक्ती, मनमाड, दौंड व मुंबई येथील त्या काळची मराठी पत्रे, शाळांच्या वह्या, मंडळ्यांची दप्तरे जेथे जेथे अजून शिल्लक असतील, तेथून ती कसर लागण्यापूर्वी बाहेर काढावी. त्या मुलींचे बोल जर कोठे राहिले असतील, तर ते तेथेच सापडतील.